टीमचं अधिकृत दुखणं

दिवसरात्र चालणारी मोटारींची ती मोठी शर्यत जवळ आली की आमच्या धंद्यातल्या लोकांना एकाएकी अडचणी सुचू लागतात. एरवी वर्षभर छोट्या शर्यतींत एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या टीमना अचानक आठवतं की आपली गाडी फार नाजूक आहे. एक टीम जात नाही, कारण तिथले आयोजक वेगवान गाडीत जादा वजन टाकून तिला बाकीच्यांच्या रांगेत आणतात. हा अन्याय आहे असं ती म्हणते, आणि तो अन्याय तिला इतका आवडतो की गेल्या कित्येक वर्षांत तिने दुसऱ्या कशाबद्दल तक्रार केलेली नाही. दुसऱ्या टीमच्या तिघा ड्रायव्हरांना तिथे एकाच सीटवर आळीपाळीने बसावं लागेल, आणि ते तिघं एका टेबलावर जेवतसुद्धा नाहीत. तिसरीचा प्रायोजक बॅटऱ्या विकतो. 'टिकाऊ' असं बॉनेटवर ठळक लिहिलेली गाडी दुसऱ्याच तासाला रस्त्याच्या कडेला बंद पडलेली सगळ्या जगाने पाहावी, ही कल्पनाच त्याला सोसत नाही.

पण हे लोक निदान गाडीबद्दल आणि नियमांबद्दल तरी बोलतात. आमची टीम त्या शर्यतीला जात नाही त्याचं कारण म्हणजे माझे भावजी.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकाच वर्कशॉपमध्ये मी टायरवर, ते गिअरबॉक्सवर. ही नोकरी मला त्यांनीच लावून दिली आणि ते त्यांनी मला एक दिवसही विसरू दिलं नाही. माणूस अंगाने आडवा, मान जवळजवळ नाहीच, आणि आवाज असा की गिअरबॉक्स उघडण्याआधीच आतले दात सैल व्हावेत. कामाला वाईट नव्हते. फार ग्रेट होते अशातलाही भाग नाही. पण बऱ्या फिटरकडे बघतो कोण? गाडी जिंकली की ड्रायव्हर चषक उचलतो, मालक ड्रायव्हरला उचलतात आणि गिअरबॉक्सवाला मागे उभा राहून टाळ्या वाजवतो. भावजींना टाळ्या वाजवायचा मनापासून कंटाळा होता. त्यांना त्या मिळवायच्या होत्या.

आता मालकांविषयी. ते एकदा त्या शर्यतीला गेले होते. फार जुनी गोष्ट, मी नोकरीला लागायच्या आधीची. पांढराशुभ्र सूट घालून गेले होते म्हणे. गाडी पहिल्यांदा पेट्रोल भरायला यायच्या आतच बंद पडली, तीही नेमकी मुख्य गॅलरीतल्या प्रेक्षकांसमोर. ढकलायला माणसं कमी पडली म्हणून मालकांनी स्वतः खांदा लावला. त्या सुटाचं पुढे काय झालं ते एका फोटोत दिसतं. तो फोटो आमच्या ऑफिसात लावलेला नाही, बाकी सगळीकडे मिळतो. तेव्हापासून मालकांनी त्या शर्यतीची धास्ती घेतली आणि कुठल्याही घाबरलेल्या श्रीमंत माणसासारखं आपल्या धास्तीला तत्त्व म्हणायला सुरुवात केली. "गेलो असतो तर पहिल्या तिघांत होतो," असं ते दर वर्षी शर्यत संपल्यावर म्हणतात. न गेलेल्या माणसाला हरवणं कोणालाच जमत नसल्यामुळे त्यांचं हे म्हणणं आजवर खोटं ठरलेलं नाही.

मात्र न जायला दर वर्षी नवं कारण लागतं. एकदा इंजिन नवीन होतं. एकदा इंजिन जुनं होतं. एकदा तर 'गाडी अजून नव्या रंगाला रुळलेली नाही' असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आणि पत्रकारांनी ते लिहूनही घेतलं. मग एका वर्षी त्यांची कारणंच संपली. ऑफिसात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. त्याच आठवड्यात भावजी घरी माळ्यावरची सुटकेस काढताना स्टुलावरून पडले आणि त्यांची कंबर धरली.

ही बातमी मालकांना मीच दिली. भावजी चार दिवस कामावर येणार नाहीत, एवढंच सांगायला गेलो होतो. मालकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, भावजींनी या माणसाचं कधीतरी फार वाईट केलेलं असावं. त्याच दुपारी त्यांनी पत्रकारांना बोलावून घेतलं.

"आमचा माणूस अंथरुणाला खिळलाय," मालक म्हणाले. "त्याला मागे टाकून आम्ही शर्यतीला जायचं? नाही जमणार आम्हाला. शर्यत काय, दर वर्षी असते. असा माणूस कुठून आणायचा?"

पत्रकारांनी टाळ्या वाजवायच्या नसतात, पण वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ताईच्या घरात फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली. 'कामातलं काहीतरी हातात घ्या' असं कोणीतरी सुचवलं, म्हणून भावजी पाठीखाली दोन उशा आणि छातीवर एक जुनं गिअरचं चक्र घेऊन झोपले. तो फोटो सगळीकडे छापून आला. अनोळखी लोक फुलं पाठवू लागले. पुढच्याच एका छोट्या शर्यतीत प्रेक्षकांनी 'लवकर बरे व्हा' असा मोठा फलक धरला. भावजींची कंबर चार दिवसांत सुतासारखी सरळ झाली होती, पण एवढ्या लोकांचा विरस करणं त्यांच्या जिवावर आलं. ते महिनाभर झोपून राहिले.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. शर्यतीला अजून अवकाश होता. मालक फळांची टोपली घेऊन ताईकडे हजर झाले. मी तिथेच होतो. भावजी दारात उकिडवे बसून सायकलची चेन चढवत होते.

"कंबर काय म्हणते?" मालकांनी विचारलं.

"एकदम ठणठणीत!" भावजींनी मांडीवर थाप मारली.

मालकांचं तोंड उतरलं. टोपली हातातून खाली ठेवेनात. "नीट बघा हं," ते म्हणाले. "कंबर अशी एकदम बरी होत नसते. आत असतं काहीतरी शिल्लक."

भावजी आडदांड असले तरी बावळट नव्हते. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि हात हळूच मांडीवरून कमरेवर नेला. "तसं... वाकलं की जाणवतं थोडं."

"मग वाकता कशाला?" मालक म्हणाले आणि टोपली ताईच्या हातात दिली.

तेव्हापासून भावजींचं आजारपण टीमच्या कॅलेंडरवर चढलं. कंबर दोन वर्षं चालली. मग गुडघा आला. मग कानात काहीतरी बिघाड होऊन त्यांना उभं राहिलं की घेरी येऊ लागली. दुकानात चपला घालून बघाव्यात तसे ते एकेक दुखणं घालून चार पावलं चालून बघायचे आणि पसंत पडलं की ठेवून घ्यायचे. मग गादीवाले आले. गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीला तो पहिला फोटो फार आवडला होता. इतक्या समाधानाने अंथरुणावर पडलेला माणूस त्यांनी जाहिरातीतसुद्धा पाहिला नव्हता. ते आमचे प्रायोजक झाले. गाडीच्या दारावर गादीचं चित्र आलं, ताईच्या घरी हातभर जाडीची गादी आली, आणि दर वर्षी त्या गादीवर भावजींचा नवा फोटो निघू लागला. इतर टीमना धावण्यासाठी प्रायोजक मिळतात. आम्हाला झोपून राहण्यासाठी मिळाला.

वर्कशॉपमध्ये भावजींना काचेची खोली मिळाली. दारावर पाटी लागली, 'प्रमुख'. कशाचे प्रमुख ते लिहिलेलं नव्हतं. गिअरबॉक्स आता दुसरेच लोक जोडायचे आणि भावजी मागे हात बांधून बघायचे. हवा अशी डोक्यात गेली की विचारू नका. 'यांच्यावाचून टीम जाऊ शकत नाही' हे त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्यांना खरं वाटू लागलं. शर्यतीच्या दिवशी टीव्ही समोर ओढून गादीवर पडायचे आणि जे गेले त्यांना नावं ठेवायचे. "बघ, बघ, तिसरा गिअर अडकतोय त्याचा! अरे, झेपत नाही तर जाता कशाला?" मी कामावरून जाऊन त्यांच्या पायथ्याशी बसायचो आणि हे ऐकायचो. त्यांच्या तोंडावर हसणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

ताई घरीच ड्रायव्हरांचे अंगरखे शिवते. आगीला दाद न देणारं ते कापड इतकं दणकट की मशीनच्या सुया कडाकड मोडतात. भावजींच्या आजारपणाच्या त्या एका महिन्यात पाहुण्यांना जागा हवी म्हणून तिचं मशीन स्वयंपाकघरात जायचं. एका हाताने शिवण, एका हाताने चहा. भाजीच्या दुकानात बायका तिला विचारायच्या, "या वर्षी काय दुखतंय यांचं?" ताई म्हणायची, "अजून ठरायचंय."

या सगळ्या गोंधळात माझी भाची मोठी झाली आणि आमच्याच टीममध्ये ड्रायव्हर झाली, याचं कोणाला फारसं अप्रूप वाटलं नाही. घरातल्या एका माणसाकडे सगळे कॅमेरे वळले की बाकीचे अंधारातच राहतात. तिची खुबी वेगात नाही. वेगाने हाणणारे ढिगाने मिळतात. ती गाडीला छळत नाही. दुसऱ्याच्या हाताखाली जो टायर सोलून निघतो तो तिच्या हाताखाली दुप्पट टिकतो. हे मी टायरवाला म्हणून सांगतोय, मामा म्हणून नाही. पण छोट्या शर्यतीत टायर टिकवून करायचं काय? ती कुठे रंगात येते न येते तोच शर्यत संपते. दर वेळी अधलामधला नंबर. आणि आता मालकांनी तिची सीट पुढच्या मोसमापासून एका नव्या, उतावळ्या पोराला द्यायचं ठरवलं होतं.

भाचीने दुसऱ्या टीमची दारं ठोठावून पाहिली. सगळीकडे एकच संवाद.

"लांब पल्ल्याची मोठी शर्यत चालवलीय?"

"नाही."

"का?"

"बाबा आजारी असतात."

शेवटी एका ड्रायव्हिंग स्कूलने तिला नोकरी देऊ केली. मोसम संपायच्या आत उत्तर हवं होतं. एकदा लोकांना क्लच सोडायला शिकवायला बसली की ती पुन्हा शर्यतीच्या गाडीत बसणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या मोठ्या शर्यतीत कोणीतरी तिला पाहिलं तरच काही आशा होती.

एका रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. ताईचं जेवण आटपलं होतं आणि ती मशीनवर एक बाही जोडत होती. भाची म्हणाली, "बाबा, या वर्षी आजारी पडू नका."

भावजींनी घास थांबवला. "मी काय मुद्दाम पडतो?"

मशीन बंद झालं. भावजी खरंच दुखावले होते. तोंडावर लबाडी असती तर मी समजू शकलो असतो, पण तिथे नुसता अन्याय सोसल्याचा भाव होता. मला हसू फुटलं. बाकी कोणी हसलं नाही, म्हणून मी पाणी प्यायलो.

"माझी सीट जातेय," भाची म्हणाली. "ही एक शर्यत चालवायला मिळाली तर कोणीतरी बघेल मला. नाही मिळाली तर जन्मभर लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवत बसेन."

"पण मालकांना काय सांगू?"

"बरा आहे म्हणून सांगा. त्यांच्याकडे या वर्षी दुसरं कारणच नाहीये. फक्त तुम्ही आहात."

भावजींनी घास ताटात परत ठेवला. मुलीवर त्यांचा जीव होता, ते मी नाकारणार नाही. फक्त त्या जिवाला आजवर अंथरुणातून उठायची गरज पडली नव्हती. "माझ्यामुळेच अडलंय ना सगळं?" ते म्हणाले, आणि त्या दुःखातसुद्धा त्यांना थोडी ऐट होती. "मग माझ्यामुळेच सुटेल. सांगतो सगळ्यांसमोर."

"आत्ताच उभं राहून बोला," ताई म्हणाली. "म्हणजे सवय होईल."

त्या वर्षी गादीवाल्यांना भावजींच्या फोटोचा कार्यक्रम दणक्यात करायचा होता. वर्कशॉपमध्येच गाडी झाडूनपुसून उभी केली, तिच्याशेजारी पलंग, पलंगावर नवी कोरी गादी, आणि समोर पत्रकारांच्या खुर्च्या. एका टेबलावर शोभेला एक गिअरबॉक्स. भावजींना दोघांनी धरून आणायचं असं ठरलं होतं. पण ते एकटेच आले. ताठ, ढांगा टाकत. पलंगाला वळसा घालून माईकपाशी गेले. भाची गाडीजवळ उभी होती. तिने श्वास रोखून धरलेला मला माझ्या टायरांपाशी उभं राहूनही दिसला.

"मी बरा आहे," भावजी म्हणाले. "मला काहीही झालेलं नाही. टीमने शर्यतीला जावं."

गादीकंपनीच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला.

"पाहिलंत?" मालकांनी भावजींकडे हात केला. "पाहिलंत हा माणूस? मुलीसाठी दुखणं गिळतोय!"

"अहो, गिळत नाहीये! दुखणं नाहीच!"

"बोलतानासुद्धा त्रास होतोय त्यांना," पुढच्या रांगेतली एक पत्रकार शेजारणीला म्हणाली.

भावजींनी वाकून बोटांनी पायाचे अंगठे धरले. खुर्च्यांतून हळहळ उमटली. त्यांनी उठाबशा काढायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या उठाबशीला दोघी जणी रडायला लागल्या. "काका, प्लीज, नका ना असं करू," असं मागून कोणीतरी ओरडलं. भावजी लालबुंद झाले. ते टेबलाकडे गेले, शोभेचा गिअरबॉक्स दोन्ही हातांनी कवटाळला आणि छातीपर्यंत उचलला.

आता तुम्हाला वाटेल की इथे त्यांची कंबर खरोखरच गेली. मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही. इतकी वर्षं हातभर जाडीच्या गादीवर आराम केलेली कंबर होती ती, तिला काय धाड भरलीय? ते गिअरबॉक्स घेऊन खांबासारखे उभे राहिले, आणि वर्कशॉप टाळ्यांनी दणाणून गेलं. इतकी वर्षं मनापासून आजारी पडलेल्या माणसाला एका सकाळीत बरं व्हायची परवानगी नव्हती. जितकी ताकद दाखवावी तितका तो जास्त आजारी ठरत होता. दोघांनी अलगद त्यांच्या हातातून गिअरबॉक्स काढून घेतला, दोघांनी त्यांना धरून पलंगावर निजवलं. कॅमेरे लखलखले.

"मी खोटं बोलत होतो!" भावजी गादीवरून ओरडले. "इतकी वर्षं! सगळं नाटक होतं!"

"ताप डोक्यात गेलाय," मालक पत्रकारांना हळू आवाजात म्हणाले. मग आवाज चढवून, "मित्रहो, अशा माणसाला या अवस्थेत सोडून जाणारी टीम आमची नव्हे. आम्ही या वर्षीही जाणार नाही."

भाची गाडीपासून निघाली, गर्दीतून वाट काढत पलंगापाशी आली आणि तिने बापाला हात दिला. "चला बाबा," ती म्हणाली. रागावलेली नव्हती. तिने त्याला उठाबशा काढताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी भावजी राजीनामा द्यायला गेले. मला सोबत नेलं, साक्षीदार म्हणून. "मी नोकरी सोडतोय," ते मालकांसमोर टेबलावर हात टेकून म्हणाले. "आता माझं नाव सांगता येणार नाही तुम्हाला. आता जावंच लागेल."

मालकांनी डोळे मिटले आणि उघडले. मला शपथेवर सांगता येईल, त्या एवढ्याशा वेळात त्यांनी मजकूर तयार केला होता. दुपारी तो सगळीकडे झळकला. 'आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या दुःखामुळे टीम यंदा शर्यतीत सहभागी होणार नाही.'

भावजी माझ्याकडे येऊन टायरांच्या चळतीवर बसले. काचेच्या खोलीत त्यांची पाटी काढायचं काम सुरू झालं होतं. "म्हणजे मी असलो तरी जात नाहीत आणि नसलो तरी जात नाहीत," ते म्हणाले.

"हो."

"मग मी इतकी वर्षं केलं काय?"

माझ्या जिभेवर बरंच काही तयार होतं. कित्येक वर्षांचं साठलेलं होतं. "झोपलात," एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ ती हलवतच राहिले. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

शहराच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक टीम आहे. ती दर वर्षी त्या शर्यतीला जाते आणि दर वर्षी शेवटची येते, नाहीतर येतच नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये कोणाचा बोल्ट तिरपा बसला की 'शेडमध्ये जा' असं म्हणायची पद्धत आहे. ती टीम चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. वर्षभर त्या सामान पोचवणाऱ्या व्हॅनी दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात त्यांची ती शर्यतीची गाडी. आमच्या मालकांनी ज्या उतावळ्या पोराला भाचीची सीट कबूल केली होती तो मावशींचाच ड्रायव्हर होता. आमच्याकडे सही केल्यावर त्याने लगेच मावशींच्या गाडीतून अंग काढून घेतलं. तिथली एक सीट रिकामी पडल्याचं कळलं तशी भाची तडक शेडमध्ये गेली. मी बाहेर उभा होतो. मुलाखत सगळी ऐकू आली.

"गाडीत झोप येते?" मावशींनी व्हॅनखालून विचारलं.

"नाही."

"बंद पडली तर रडशील?"

"नाही."

"मग ये."

भावजींना कोणी बोलावलं नव्हतं, पण तेही निघाले. ताईही निघाली, भाचीसाठी घाईघाईने शिवलेला अंगरखा पिशवीत घेऊन. मी मालकांकडे रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, भावजी आजारी आहेत. लगेच मिळाली.

शर्यतीच्या मैदानाच्या फाटकावर रखवालदाराने भावजींना ओळखलं. "तुम्ही ते झोपलेले ना?" असं म्हणून तो बिचारा धावत जाऊन चाकांची खुर्ची घेऊन आला. भावजींनी ती रिकामीच ढकलत आत नेली आणि तिच्यात टूलबॉक्स ठेवले. मावशींनी त्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं आणि एक फडकं दिलं. "गाडीवरून उतरलेली चाकं पुसा. कडेला रबर चिकटलेलं असतं, खडे असतात, सगळं खरवडून काढा." कशाचे तरी प्रमुख असलेले माझे भावजी फडकं घेऊन जमिनीवर बसले.

शर्यतीत चमत्कार वगैरे काही झाला नाही. मावशींच्या गाडीचा आरसा गेला, एक दिवा गेला, तिसऱ्या ड्रायव्हरचं पोट खरोखरच बिघडलं. त्याच्या वाटणीचं भाचीने चालवलं. अंधार पडला, उजाडलं, मोठमोठ्या टीमच्या गाड्या एकेक करून धूर सोडत आत आल्या आणि पडद्याआड गेल्या, आणि आमची एकडोळी गाडी आपली चालतच राहिली. सकाळी भाची आत आली तेव्हा तिचे टायर मी स्वतः उतरवले. हात फिरवून बघितला. अजून जीव होता त्यांच्यात. शेजारच्या मोठ्या टीमचा एक टायरवाला येऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला. त्यानेही हात फिरवला. मग उठून गेला आणि त्यांच्या मॅनेजरला घेऊन आला.

"कोण चालवतंय?" मॅनेजरने विचारलं.

"माझी भाची," मी म्हणालो. मामा म्हणूनच म्हणालो.

झेंडा पडला तेव्हा मावशींची गाडी शेवटून दुसरी होती. तिच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा विजय होता. शेडमधली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि तो मॅनेजर गाडीच्या खिडकीत वाकून भाचीशी पुढच्या मोसमाबद्दल बोलत होता. ताई ओक्साबोक्शी रडत होती आणि रडताना भाचीच्या बाहीची उसवलेली शिवण चाचपत होती. तेवढ्यात माझ्या फोनवर मालकांचं निवेदन आलं. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. 'आमच्या या गुणी मुलीला संधी मिळावी म्हणूनच आम्ही यंदा माघार घेतली होती. तिच्या यशात आमच्या न जाण्याचा मोठा वाटा आहे.' मला वाटलं, आता भावजी शिव्यांची लाखोली वाहतील. ते ऐकतच नव्हते. फडकं हातात धरून मावशींसमोर उभे होते.

"मावशी, मी नसतो आलो तर?"

"तर काय?"

"म्हणजे, अडलं असतं का काही तुमचं?"

मावशींना प्रश्नच कळेना. "अडायचं काय त्यात? दुसऱ्या कोणीतरी पुसली असती चाकं. नाहीतर मळकीच बसवली असती."

"पण शर्यतीला आला असता?"

"आलो असतोच की. दर वर्षी येतो."

मी पुढे सरकलो. म्हटलं, हा माणूस आता इथेच कोसळतो की काय. इतकी वर्षं 'यांच्यावाचून जमत नाही' या एका वाक्यावर जगलेला माणूस. पण भावजींनी तेच पुन्हा विचारलं, अगदी हळू, आवडलेला पदार्थ दुसऱ्यांदा मागून घ्यावा तसं. "म्हणजे माझ्यावाचून अजिबात अडलं नसतं?"

"अजिबात नाही," मावशी म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

भावजींनी मोठा श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले. अंगावरून काहीतरी जड उतरवून ठेवल्यासारखे ते तिथे उभे होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला हा माणूस आवडला. भाची तोवर टायरांच्या ढिगाला टेकून बसल्याबसल्या झोपून गेली होती. तिच्या पायाशी एक शेवटचं चाक पडलं होतं. भावजींनी ते आवाज न करता उचललं, थोडं लांब नेलं आणि पुसायला घेतलं.